बंद पडलेली रेल्वेलाईन सायकल ट्रॅक कशी होते? आणि ती फोनवर कशी शोधायची?

छत्रपती संभाजीनगरहून वेरूळला सायकलने गेला असाल तर दौलताबादचा घाट तुम्हाला चांगलाच माहीत असेल. किल्ला मागे पडला की रस्ता चढायला लागतो, गिअर संपतात, आणि मग उतरून सायकल ढकलावी लागते. आता रेल्वे बघा. तीसुद्धा दौलताबादपर्यंत येते, पण डोंगरावर चढायच्या भानगडीत पडत नाही. बाजूने निघून पोटूळ, लासूरकडे जाते. डोंगर तोच, गाव तेच, पण रेल्वेने निवडलेली वाट जवळजवळ सपाट.

सायकलवाल्याला हेच तर हवं असतं! म्हणूनच जगभरात बंद पडलेल्या रेल्वेलाईनींचे चालायचे आणि सायकलचे मार्ग झालेत. इंग्रजीत याला 'रेल ट्रेल' म्हणतात. आज आपण बघू की हे काम कसं होतं, आपल्या मराठवाड्यात अशी जागा कुठे आहे, आणि फोनवरचे नकाशे वापरून ती कशी शोधायची. शेवटी एक धोक्याची गोष्ट आहे, ती मात्र वगळू नका.

रेल्वेची वाट इतकी सपाट का असते?

रेल्वेचं चाक लोखंडी आणि रूळही लोखंडी. दोन्ही गुळगुळीत. त्यामुळे गाडी कमी ताकदीत पळते, पण चढावर तेच अंगाशी येतं, चाक घसरतं. म्हणून रेल्वे बांधणारे इंजिनिअर चढाला घाबरतात. टेकडी आली की ती कापून खिंड करायची, खड्डा आला की भराव टाकायचा, ओढा आला की पूल बांधायचा. साध्या प्रदेशात रेल्वेचा चढ साधारण १०० ला १ किंवा त्याहून कमी ठेवतात. म्हणजे १०० मीटर पुढे गेल्यावर फार तर १ मीटर वर. मुंबई-पुणे मार्गावरच्या बोरघाटात तो ३७ ला १ आहे, आणि तेवढ्यासाठी गाडीला जादा इंजिनं लावावी लागतात.

याचा सायकलवर किती फरक पडतो, ते आकड्यांत बघू. सायकल आणि माणूस मिळून ८० किलो धरा, वेग ताशी १५ किलोमीटर.

- सपाट डांबरी रस्ता: हवा आणि टायरचं घर्षण मिळून साधारण ४० वॅट.
- १ टक्का चढ (रेल्वेसारखा): त्यात ३३ वॅट वाढतात, एकूण ७०-७५ वॅट.
- ५ टक्के चढ (घाटासारखा): १६३ वॅट वाढतात, एकूण २०० च्या वर.

७०-७५ वॅट म्हणजे गप्पा मारत सायकल चालवणं. २०० वॅट सतत द्यायला सराव लागतो. शाळेतलं पोरगं, साठीचे काका, साडी नेसून सायकल चालवणारी मावशी, या सगळ्यांना जमेल असा रस्ता हवा असेल तर तो १ टक्क्याचाच हवा. आणि तो शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी कोणीतरी बांधून ठेवलेला असेल तर भराव, खिंडी, मोऱ्या हा सगळ्यात महागडा खर्च आधीच झालेला आहे.

मराठवाड्यात अशी जागा आहे का?

आधी आपल्या शहराचं. मनमाडहून संभाजीनगर, जालना, परभणीकडे जाणारी लाईन निजामाच्या काळात, १९०० च्या सुमारास, मीटरगेज म्हणून झाली. मीटरगेज म्हणजे दोन रुळांत एक मीटर अंतर. १९९२ मध्ये रेल्वेने देशभर एकच गेज करायचा मोठा कार्यक्रम हाती घेतला, आणि त्या दशकात आपली लाईन ब्रॉडगेज झाली. पण हे काम मुख्यतः जुन्याच वाटेवर झालं. जुना भराव तसाच वापरात राहिला. म्हणून शहरात रेल ट्रेल करायला सोडून दिलेली लाईनच उरली नाही.

खरी गोष्ट आहे धाराशिव-लातूरकडे. बार्शी लाईट रेल्वे हे नाव घरातल्या मोठ्यांना विचारा, आठवणी निघतील. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरने ती उभी केली. रुळांमधलं अंतर फक्त ७६२ मिलिमीटर, म्हणजे अडीच फूट. १८९७ मध्ये बार्शी रोड (आजचं कुर्डुवाडी) ते बार्शी हा पहिला टप्पा सुरू झाला. १९११ मध्ये गाडी लातूरला पोचली, १९२७ मध्ये दुसऱ्या बाजूने मिरजेला. सगळी मिळून सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास. १९५४ मध्ये ती सरकारने घेतली.

पुढे हीसुद्धा ब्रॉडगेज झाली. पण इथे एक वेगळी गोष्ट घडली. जुनी छोटी लाईन धाराशिव शहराला (तेव्हाचं उस्मानाबाद) न शिवता जात होती. नवी लाईन करताना आखणी बदलून ती शहराला जोडली. लातूर ते धाराशिव भाग २००७ मध्ये आणि धाराशिव ते कुर्डुवाडी २००८ मध्ये झाला. धाराशिवला रेल्वे मिळाली, चांगलंच झालं. पण आखणी बदलली म्हणजे जुन्या वाटेचा काही तुकडा मागे राहिला. रेल ट्रेलवाले जगभर असेच तुकडे शोधत असतात.

विदर्भात याहून मोठं उदाहरण आहे. शकुंतला. यवतमाळ-मूर्तिजापूर ११३ किलोमीटर आणि मूर्तिजापूर-अचलपूर ७६ किलोमीटर, हीसुद्धा अडीच फुटी. कापूस वाहून नेण्यासाठी खासगी कंपनीने बांधलेली. १९९४ पर्यंत वाफेचं इंजिन, मग डिझेल, आणि आता गाडी बंद. शकुंतलाबद्दल आणखी एक महत्त्वाचा मुद्दा आहे, तो पुढे येईल.

फोनवर शोधायची कशी?

यासाठी कुठलंही पैसे देऊन घ्यायचं अ‍ॅप लागत नाही. पाच पायऱ्या आहेत.

१. आधी जुना नकाशा बघा. अमेरिकेतल्या टेक्सास विद्यापीठाच्या लायब्ररीने १९५० च्या दशकातले भारताचे लष्करी नकाशे स्कॅन करून वेबसाईटवर फुकट ठेवलेत. प्रमाण १ सेंटिमीटरला अडीच किलोमीटर. त्यात ब्रॉडगेज, मीटरगेज आणि छोटी लाईन वेगवेगळ्या खुणांनी दाखवलेली असते. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या पोर्टलवरूनही नकाशे उतरवून घेता येतात.

२. मग ओपनरेल्वेमॅप उघडा. हा ओपनस्ट्रीटमॅपच्या डेटावर चालणारा फक्त रेल्वेचा नकाशा आहे. ओपनस्ट्रीटमॅप म्हणजे २००४ पासून सुरू असलेला, लोकांनी मिळून बनवलेला नकाशा, विकिपीडियासारखा. त्याच्या नेहमीच्या पानावर उखडलेल्या लाईनी दिसत नाहीत, कारण नकाशात गर्दी होते. पण डेटात त्या असतात, आणि ओपनरेल्वेमॅप त्या काढून दाखवतो.

३. टॅग वाचायला शिका. त्या डेटात बंद लाईनीचे तीन प्रकार आहेत. 'डिसयूज्ड' म्हणजे रूळ आहेत, गाडी नाही. 'अबॅन्डन्ड' म्हणजे रूळ काढलेत, पण भराव किंवा खिंड जमिनीवर दिसते. 'रेझ्ड' म्हणजे काहीच उरलं नाही, वर घरं किंवा शेत झालंय. ट्रेलसाठी कामाचा प्रकार सहसा दुसरा. पहिल्या प्रकारात घाई करायची नाही, का ते पुढे सांगतो.

४. सॅटेलाईट फोटोवर खात्री करा. गूगल अर्थमध्ये मागच्या वर्षांचे फोटोही बघता येतात. काय शोधायचं? खूप लांब आणि एकसारखं वळण. रस्ता कुठेही काटकोनात वळतो, रेल्वे तसं वळू शकत नाही. शेतांचे बांध त्या वळणाला धरून असतात. दोन्हीकडे बाभळींची रांग असते. ओढ्यावर रस्ता नसताना एकटाच उभा असलेला दगडी पूल असतो. आणि गावात 'स्टेशन रोड' असतो, पण स्टेशन नसतं!

५. शेवटी गावात विचारा. ही पायरी फोनवर होत नाही. 'जुनी लाईन कुठून जायची?' एवढा एक प्रश्न पारावर विचारला की जो नकाशा मिळतो, तो कुठल्याही सर्व्हरवर नाही. कुठला पूल पावसात गेला, कुठे कोणाची विहीर आली, सगळं कळतं.

सरावासाठी येडशी ते लातूर हा पट्टा घ्या. १९५० च्या दशकातला नकाशा आणि आजचा सॅटेलाईट फोटो शेजारी-शेजारी ठेवा, आणि दोन्ही लाईनी कुठे वेगळ्या होतात ते शोधा. अर्ध्या तासाचं काम आहे, पण एकदा नजर बसली की प्रत्येक नकाशात जुन्या वाटा दिसायला लागतात.

अ‍ॅप म्हणतं चढ आहे, पण चढ नाही!

रेल ट्रेलचा मार्ग एखाद्या सायकल अ‍ॅपमध्ये आखला की एक गंमत होते. रेल्वेची वाट सपाट असते हे आपल्याला माहीत आहे, पण अ‍ॅपचा उंचीचा आलेख करवतीच्या दातांसारखा वर-खाली दिसतो. चूक कोणाची?

बहुतेक मोफत अ‍ॅप्स उंचीसाठी एसआरटीएम नावाचा डेटा वापरतात. फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर या अंतराळयानाने ११ दिवस रडारने पृथ्वी मोजली, त्याचा हा डेटा. त्यात जमिनीचे साधारण ३० बाय ३० मीटरचे चौकोन आहेत, आणि प्रत्येक चौकोनाला उंचीचा एकच आकडा. आता रेल्वेची खिंड असते १०-१५ मीटर रुंद. ती एका चौकोनात मावून जाते आणि आजूबाजूच्या टेकडीची उंचीच त्या चौकोनाला मिळते. खिंड ६ मीटर खोल असेल तर अ‍ॅपला वाटतं, सायकल १०० मीटरमध्ये ६ मीटर चढली आणि पुढच्या १०० मीटरमध्ये तेवढीच उतरली. म्हणजे ६ टक्के चढ! प्रत्यक्षात तुम्ही खिंडीतून सरळ गेलात. पुलावर उलटं होतं, अ‍ॅप तुम्हाला ओढ्यात उतरवून वर काढतं.

मग खरी उंची कशी मोजायची? जीपीएसवर पूर्ण भरवसा नको. मोकळ्या आकाशाखाली फोनचं जीपीएस आडव्या दिशेत साधारण ५ मीटरपर्यंत बरोबर असतं, उंचीत त्याहून जास्त चुकतं. काही फोनमध्ये बॅरोमीटर असतो, तो हवेचा दाब मोजतो. साधारण साडेआठ मीटर वर गेलं की दाब १ हेक्टोपास्कलने कमी होतो, म्हणून एक-दोन मीटरचा चढ-उतारही त्याला कळतो. फक्त हवामान बदललं की आकडा सरकतो, म्हणून तासाभराच्या आतलीच तुलना धरायची.

आणि हो, ५ मीटरची चूक जमिनीच्या बाबतीत लहान नाही. छोट्या लाईनीची पट्टीच अरुंद असते. 'माझ्या फोनमध्ये लाईन तुमच्या शेतातून जाते' असं कोणाला सांगायला जाऊ नका. फोनचा ट्रॅक म्हणजे मोजणी नव्हे. ती भूमी अभिलेखवाल्यांचं काम.

रूळ काढल्यावर काय काम उरतं?

वाट सपाट आहे म्हणून लगेच सायकल चालत नाही. खाली असते खडी. रेल्वेची खडी मुद्दाम मोठी आणि धारदार असते, म्हणजे ती एकमेकांत अडकते आणि पाणी निचरतं. टायरसाठी ती सगळ्यात वाईट. म्हणून खडी काढतात, किंवा तिच्यावर मुरूम आणि कच टाकून रोलरने दाबतात. बाजूच्या नाल्या आणि मोऱ्या साफ करतात, नाहीतर पहिल्याच पावसात भराव वाहून जातो.

पुलांचं काम वेगळं. लोखंडी गर्डरच्या पुलावर स्लीपर थेट ठेवलेले असतात, मधे फटी. स्लीपर काढले की खाली सरळ पाणी दिसतं. तिथे नवीन फळ्या किंवा काँक्रीट आणि दोन्हीकडे कठडा लागतो. जिथे फाटक होतं, तिथे आता नियम उलटतो. पूर्वी गाडीसाठी रस्ता थांबायचा, आता सायकलवाल्याने थांबायचं.

पण सगळ्यात अवघड काम इंजिनिअरिंगचं नाहीच. ते आहे सलगपणाचं. रेल्वेची जमीन म्हणजे एक लांबलचक दोरा. मधे २०० मीटर तुटला तर २० किलोमीटरचा उपयोग गेला. दोन्ही बाजूंचे शेतकरी थोडं थोडं आत सरकतात, कुठे रस्ता होतो, कुठे दुकान, कुठे पुलाचं लोखंड भंगारात जातं. कोणीही एकट्याने मोठं काही केलेलं नसतं, पण दहा वर्षांत दोरा तुकडे-तुकडे होतो. आणि आज अशी सलग जमीन नव्याने घ्यायची म्हटलं तर संपादनाचा खर्च कोणाला झेपणार?

ब्रिटनमध्ये ब्रिस्टल ते बाथ ही २१ किलोमीटरची वाट १९७९ ते १९८६ या काळात टप्प्याटप्प्याने झाली, त्यात स्वयंसेवकांनी बरंच काम केलं. न्यूझीलंडमध्ये ओटागो भागातली लाईन १९९० मध्ये बंद झाली आणि २००० मध्ये १५२ किलोमीटरचा ट्रेल म्हणून उघडली. वाटेतल्या छोट्या गावांत आता सायकलवाले मुक्काम करतात, जेवतात, सायकल भाड्याने घेतात. दोन्हीकडे जमीन सलग मिळाली म्हणून हे जमलं.

पण गाडी परत हवी असेल तर?

आता शकुंतलाचा तो मुद्दा. तिथल्या लोकांची मागणी सायकल ट्रॅकची नाही. त्यांना गाडी परत हवीय, आणि तीही ब्रॉडगेज. एसटीपेक्षा स्वस्त तिकिटात तालुक्याला पोचवणारी गाडी ज्याची गेली, त्याला 'इथे छान मॉर्निंग वॉक करा' असं सांगणं म्हणजे जखमेवर मीठ. हे मान्य करूनच पुढे बोललं पाहिजे.

अमेरिकेने यावर १९८३ मध्ये एक कायदेशीर मार्ग काढला. त्याला 'रेलबँकिंग' म्हणतात. लाईन बंद झाली तरी जमीन विकायची नाही, तोडायची नाही. तिथे तात्पुरता ट्रेल करायचा, आणि उद्या रेल्वेला गरज पडली तर ती परत रेल्वेची. म्हणजे सायकल ट्रॅक हा जमिनीचा राखणदार होतो. रोज शंभर माणसं चालतात तिथे कोणी रात्रीत भिंत बांधू शकत नाही.

माझ्या मते आपल्याकडे विचार याच दिशेने व्हायला हवा. गाडी की ट्रेल असं भांडण लावलं तर दोन्ही हरतात. जिथे गाडीची मागणी जिवंत आहे तिथे ट्रेल हा राखणदार. आणि बार्शी लाईटसारखं जिथे नवी लाईन दुसरीकडून गेली, तिथे तो कायमचा होऊ शकतो. अर्थात जंगलाचा भाग वेगळा ठेवायचा. येडशीच्या परिसरात रामलिंग घाट अभयारण्य आहे, तिथे वनविभागाच्या परवानगीशिवाय काही नाही.

आता ती धोक्याची गोष्ट

'डिसयूज्ड' टॅग बघून रुळांवर चालायला जाऊ नका. बंद दिसणारी लाईन परत सुरू होऊ शकते. अकोला-अकोट मीटरगेज २०१७ मध्ये बंद झाली आणि २०२२ मध्ये त्याच मार्गावर ब्रॉडगेजची गाडी सुरू झाली. नकाशातला टॅग कोणीतरी, कधीतरी भरलेला असतो. तो सिग्नल नाही.

आपल्या जिल्ह्याला हे वेगळं सांगायची गरज नाही. ८ मे २०२० च्या पहाटे करमाडजवळ १६ मजूर मालगाडीखाली गेले. जालन्याहून रुळांच्या कडेने भुसावळच्या दिशेने पायी निघाले होते, दमून रुळांवरच झोपले. लॉकडाऊनमुळे प्रवासी गाड्या बंद होत्या, पण मालगाड्या चालू होत्या. त्यांनी रूळ का धरले असतील? सपाट, सरळ, वाट न चुकवणारा रस्ता, म्हणूनच. या लेखात रेल्वेच्या वाटेचे जे गुण मोजले, तेच. चालणाऱ्याला चांगली वाट लागते, आणि ती नसली की तो रुळांवर जातो.

म्हणून नियम साधे ठेवा. रूळ असतील तर त्यावर पाय ठेवायचा नाही, गवत कितीही वाढलेलं असो. परवानगीशिवाय रेल्वेच्या हद्दीत शिरणं हा १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. रूळ काढलेली जुनी वाट असेल तरी ती शेतातून जात असेल तर मालकाला विचारून जायचं. एकटं जायचं नाही, जुन्या पुलावर चढायचं नाही.

तुम्ही काय करू शकता?

घरबसल्या करण्यासारखं बरंच आहे. जुन्या नकाशावरून लाईनीचा मार्ग काढा आणि त्याची जीपीएक्स फाईल बनवा. ही साधी मजकूर फाईल असते, त्यात एकामागून एक अक्षांश-रेखांश लिहिलेले असतात. सार्वजनिक रस्ता जिथे जिथे या मार्गाला छेदतो, तिथे उभं राहून फोटो काढा, लोकेशन चालू ठेवून. भराव शाबूत आहे का, पूल उभा आहे का, तुटलाय कुठे, हे लिहून ठेवा. ओपनस्ट्रीटमॅपवर खातं उघडून चुकीचा टॅग दुरुस्त करा, पण डोळ्यांनी बघितलेलंच भरा, अंदाजाने नाही.

पंचायत समितीत किंवा जिल्हा परिषदेत कोणी कधी हा विषय काढलाच, तर पहिला प्रश्न येईल: 'जागा शिल्लक आहे का?' त्याचं उत्तर देणारा, तारखेसकट फोटो असलेला नकाशा कोणाच्या तरी फोनमध्ये तयार असायला हवा. दर वर्षी बांध थोडा आत सरकतो. नोंद करायची तर ती आत्ताच.